गळ टाकायला गेलो, गुंता सोडवत बसलो

नदीवर मासे धरायला शिकायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, अवघड काय ते मासा लागणं. परवानगी एका फेरीत मिळाली, रॉडही पहिल्याच दिवशी पसंत पडला. पुढचे चार रविवार मात्र मी काठावर मान खाली घालून गुंता सोडवत होतो. मासा लागणार कसा, गळ पाण्यात असायचाच कुठे!

रॉडचं आधी उरकतो. सात फुटी, दोन तुकड्यांचा, मिडियम-लाइट, म्हणजे मध्यमाहून जरा हलका. नदीवर नवख्याला तेवढा पुरे. मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, किती ग्रॅम वजन फेकायचं आणि किती ताकदीची दोरी लावायची. माझ्या रॉडवर ५ ते २० ग्रॅम होतं. तेवढं दुकानातच वाचलं असतं तर! रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायचं यंत्र, ३००० नंबरचं, स्पिनिंगचं.

मग दुकानदाराने विचारलं, "तंगूस, म्हणजे दोरी, कितीची भरू?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. इथे फसलो. "मोठा मासा लागला तर?" असं स्वतःच विचारून त्याने ०.४५ मिलिमीटरची दोरी काठोकाठ भरून दिली. वर म्हणाला, "आता तुटायची काळजी सोडा." खरंच तुटली नाही. गाठी सोडवताना तुटली असती तर निदान सुटलो तरी असतो.

फेकलं की रॉडवरच्या पहिल्या कडीपाशी वेटोळ्यांचा घोस जमायचा. सोडवायला वीस मिनिटं, फेकायला दोन सेकंद, परत घोस. दुसऱ्या आठवड्यात दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "हात बसायला वेळ लागतो." आणि मी ते खरं मानलं! गच्चीवर दोरीला नुसतं शिसं (गळ बुडवणारं वजन) बांधून सराव केला. गुंता गच्चीवरही झाला.

चौथ्या रविवारी शेजारी बसलेल्या आजोबांनी न विचारताच माझं रीळ हातात घेतलं. "अरे, हिनं काय बैल बांधणार आहेस?" मग चकरीवरचा, म्हणजे रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावरचा, आकडा दाखवला: ०.२५ – २००. म्हणजे ०.२५ मिलिमीटरची दोरी २०० मीटर मावते. महिनाभर तो आकडा माझ्या नाकासमोर होता. जाड दोरी ताठ असते, छोट्या चकरीवर नीट बसत नाही, स्प्रिंगसारखी उसळते. त्यात चकरी काठोकाठ भरली की एका फेकीत पाच-सहा वेढे एकदम सुटतात. शिवाय जाड दोरीला प्रवाह जास्त ओढतो, म्हणून शिसंही जड लावावं लागतं. माझं शिसं का वाहून जायचं, तेही तेव्हा कळलं.

नवी दोरी ०.२५ची घेतली, साधारण चार किलो ताकदीची, आणि घरी स्वतः भरली. दहा-पंधरा वेढे झाले की थांबून दोरी ढिली सोडा. पीळ पडत असेल तर दुकानातली मूळ चकरी पालथी ठेवा. रिळाच्या चकरीची कड दोन-तीन मिलिमीटर रिकामी राहू द्या. दोरी ओल्या फडक्यातून ताणून घ्या, ढिली भरली की पुन्हा तेच रडगाणं.

फेकल्यावर रिळाची तारेची कडी, फेकताना उघडतो ती, हाताने बंद करायची, मूठ फिरवून नाही, आणि दोरी एकदा ओढून ताणायची. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तरीही पीळ पडलाच तर गळ, शिसं सगळं काढून नुसती दोरी प्रवाहात ४०-५० मीटर सोडा, जरा थांबा आणि चिमटीत धरून गुंडाळा. वाहतं पाणी पीळ काढून देतं. तळ्यावाल्यांना ही सोय नाही.

ड्रॅगचं राहिलंच, म्हणजे मासा किती जोराने ओढला की रीळ दोरी सोडेल तो ब्रेक. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा भाग एवढा ठेवावा. चार किलोच्या दोरीला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधून रिळाखाली टांगा. दोरी जेमतेम सरकू लागली की झालं. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, नाहीतर घासून तिथेच कमजोर होते. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. मी १२ नंबर "मोठा" समजून घेतला होता. शिसं चपटं बरं, गोल गडगडतं.

पाचव्या रविवारी एका मोठ्या दगडामागे, जिथे वेगवान पाणी संथ पाण्याला लागतं, तिथे गांडूळ सोडलं. तळहाताएवढा मासा लागला. हात ओले करून गळ काढला आणि सोडून दिला. आजोबा बघत होते. मान हलवली, बोलले काही नाही.

ती जाड दोरी काठावर टाकली नाही, पक्ष्यांच्या पायांत अडकते. गॅलरीतला वेल आता तिच्यावर चढलाय. तिथेही तुटलेली नाही.