उताणं झोपा, हलू नका

ठाण्याच्या किसननगरहून सासूबाईंबरोबर आलेली, गरोदरपणाचा चौतिसावा आठवडा. चिठ्ठीवर 'धडधड, चक्कर. ईसीजी, टूडी इको'. पिशवीत दुसरीकडे काढलेले दोन ईसीजी, दोन्ही नॉर्मल, सोबत एका डॉक्टरांचा शेरा: टेन्शन. बाईच्या तक्रारीचं काही सापडलं नाही की तिला टेन्शन असतं, हे आमच्या घोडबंदर रोडवरच्या सेंटरला रोज बघते.

त्या दिवशी ईसीजीचे छातीवर लावायचे रबरी फुगे धरेनात. मे महिन्याचा घाम. चौथा बसवला की दुसरा सुटायचा. जेल पुसा, परत लावा, रेषा थरथरते म्हणून पायाची क्लिप बदला. ईसीजी खरं तर दहा सेकंदांचा, पण या खटाटोपात ती सहा-सात मिनिटं उताणी होती.

तिसऱ्या लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या बारा रेषांपैकी एकीत, छोटी क्यू लाट आणि उलटी टी लाट आली. शेवटच्या महिन्यांत पोट छातीचा पडदा वर ढकलतं, हृदय आडवं होतं, म्हणून असं दिसू शकतं. नवी पोरं यावरूनच धावपळ करतात. मी निवांत होते. मग तिला जांभयांवर जांभया यायला लागल्या, वरच्या ओठावर घाम फुटला. "ताई, कसंतरी होतंय." ठोके १३० वर गेलेले, ते बघता बघता ५५ वर उतरले. बीपी ८०/५०.

सासूबाई "अटॅक आला" म्हणत बाहेर पळाल्या. मी तिला सरळ डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. सर येईपर्यंत ओठांना रंग आला होता, बीपी ११०/७०.

उताणं झोपलं की भरलेलं गर्भाशय मणक्यावर टेकतं. मणक्याच्या जरा उजवीकडून इन्फिरिअर व्हेना केव्हा ही मोठी शीर पायांकडचं रक्त वर नेते. भिंत पातळ, म्हणून चेपते. हृदयात रक्तच कमी आलं तर ते बाहेर काय टाकणार? सगळ्यांना चक्कर येत नाही, कारण मणक्यालगतच्या आडवाटांनी रक्त वर जातं. हिच्या वाटा पुरत नसाव्यात. नुसतं थोडं कलतं करूनही भागत नाही. २०१५ मध्ये जपानी डॉक्टरांनी एमआरआय काढून दाखवलं, की १५ अंश डावीकडे कलून शीर फारशी मोकळी होत नाही, ३० अंश लागतात.

इको छान आला. येणारच! हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं म्हणून इको आम्ही डाव्या कुशीवरच करतो, म्हणजे जिथे तिला बरं वाटतं तिथेच. आणि ईसीजी चक्कर यायच्या आत उरकतो. तिचा त्रास पकडायला आमच्याकडे एकही तपासणी नव्हती, घामाने सुटणारे फुगे सोडले तर.

घरी ती उताणीच झोपायची. "कूस बदलली की बाळाला नाळ गुंडाळते, मीच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. नाळेचा कुशीशी काही संबंध नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं.

"मग झोपेत उताणी झाले तर?" तिने विचारलं. जाग आली की परत वळायचं, घाबरायचं नाही, असं म्हटलं खरं; पण चेहऱ्यावरून आता ती रात्रभर जागी राहील असंच वाटत होतं.

आमच्या रिपोर्टात पेशंट कुठल्या स्थितीत झोपला होता, हे लिहायला रकानाच नाही. ईसीजीच्या कागदावर मी पेनने लिहिलं: उताणं असताना बीपी ८०/५०, डाव्या कुशीवर ११०/७०. तिच्या गायनॅकला मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ गेली, थेट मशीनमधून निघालेली, पेनाशिवाय.