लाव्याची पाच अशक्त पिल्लं आणि मी

उबवणी मशीनमध्ये २४ अंडी होती. जपानी लाव्याची पिल्लं १७-१८ दिवसांत बाहेर येतात, म्हणून सतराव्या दिवशी पहाटेपासून मी मशीनच्या काचेला नाक लावून बसले होते. दुपारपर्यंत नऊ पिल्लं आली. सुकलेली पिल्लं बाहेर काढायला म्हणून मी झाकण उघडलं. तासाभराने पुन्हा उघडलं. संध्याकाळी तिसऱ्यांदा. शेवटच्या तीन दिवसांत मशीनमध्ये दमटपणा ६५-७० टक्के ठेवायचा असतो हे मला पाठ होतं, पण प्रत्येक वेळी झाकणासोबत तो निघून जातो, आणि टोच मारून थांबलेल्या अंड्यांतला पापुद्रा वाळून पिल्लाला घट्ट आवळतो, हे डोक्यात शिरलं नव्हतं. दोन पिल्लं टोच मारून आतच गेली. ती माझ्या खात्यावर.

दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत १६ बाहेर होती. त्यांतली बारा तुरुतुरु पळत होती आणि चार नव्हती. सतरावं अंड्यातच अडकलेलं.

त्या अडकलेल्याला टोच मारून २४ तास उलटले होते. पापुद्रा कागदासारखा पिवळट, कोरडा झालेला. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवून मी तो ओला केला आणि अंड्याच्या जाड टोकाकडचं कवच नखाने कणाकणाने काढलं. लाल रेघ दिसली की हात थांबवायचा, कारण रक्तवाहिन्या अजून आटलेल्या नसतील तर पिल्लू रक्तस्रावाने जातं. रेघ दिसली नाही. तरी टोपीएवढा भागच मोकळा करून बाकीचं अंडं तसंच मशीनमध्ये ठेवलं. अर्ध्या तासात ते स्वतःच ढकलत बाहेर आलं आणि लगेच आडवं झालं. मला वाटलं, संपलं. पण ते नुसतं दमलं होतं.

दमलेलं आणि आजारी यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता, आणि त्याची किंमत शेजारच्या पिल्लाने मोजली. ते डोळे मिटून मान टाकून पडलेलं, म्हणून मी ड्रॉपरने त्याच्या चोचीत साखरपाणी सोडलं. सात-आठ ग्रॅमचा जीव तो! एक थेंबसुद्धा त्याच्या मानाने घोटभर. पाणी श्वासनळीत गेलं, नाकातून फुगा आला आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं. खरं तर त्याला पाण्याची घाई नव्हतीच. बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, आणि पहिला दिवस त्यावर निभतो. त्याला हवी होती ऊब. गारठलेल्या पिल्लाला खाऊ-पिऊ घालून उपयोग नसतो. आधी अंग गरम झालं पाहिजे, मग पाणी, मग खाणं.

त्यानंतर मी क्रम बदलला. उरलेल्या अशक्त पिल्लांसाठी मोठ्या ब्रूडरमध्येच, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या खोक्यातच, जाळीचा छोटा कप्पा केला. धडधाकट पिल्लं पडलेल्याला तुडवतात, डोळ्यांवर आणि बोटांवर टोचतात, म्हणून वेगळं ठेवायचं. पण आवाज ऐकू आला पाहिजे, एकटं पिल्लू ओरडून ओरडून थकतं. दिव्याखाली ३६-३७ अंश. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवला, तरी खरं माप पिल्लंच देतात: एकावर एक चढली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता. पाणी बाटलीच्या झाकणात, आणि झाकणात गोट्या भरलेल्या. लाव्याचं पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडतं. अशक्त पिल्लाला पाजायचं झालं तर बोटाच्या टोकावरचा थेंब चोचीच्या कडेला लावायचा. ते स्वतः गिळतं. ड्रॉपर मी फेकून दिला.

आधीच्या चार अशक्तांतल्या उरलेल्या तिघांत एकाची बेंबी बंद झाली नव्हती. पोट मऊ, फुगलेलं, आणि दुसऱ्या दिवशी वास येऊ लागला. पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावलं, पण वास आला म्हणजे संसर्ग आत पोचलेला असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. त्याचा कप्पा धुऊन काढला, खालचं कापड टाकून दिलं आणि मशीनही जंतुनाशकाने पुसलं, कारण हा रोग बहुधा घाणेरड्या अंड्यांतून आणि अस्वच्छ मशीनमधून येतो.

दुसऱ्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले, बेडकासारखे. यातही माझाच हात: मी खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. गुळगुळीत कागदावर नवजात पाय घसरतात आणि सांधे तसेच बसतात. कागद काढून खरखरीत कापड घातलं. मग औषधाच्या चिकटपट्टीची तीन-चार मिलिमीटर रुंदीची चिंधी कापून दोन्ही पायांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधली. मधलं अंतर किती ठेवायचं? शेजारी उभ्या असलेल्या धड पिल्लाच्या पायांत जितकं होतं, तितकंच. पट्टी इतकी घट्ट नको की पंजा निळसर पडेल, इतकी सैल नको की निसटेल. पहिल्या तासात ते तोंडावर आपटत होतं. ते बघवेना, म्हणून भावाला म्हटलं, काढून टाकते. तो म्हणाला, "अगं, थांब जरा, बघू तरी." संध्याकाळी ते उभं राहिलं. रोज सकाळी पट्टी सोडून पाय तपासले, नवी बांधली, आणि चौथ्या दिवशी ती कायमची काढली. हे जमलं ते पहिल्याच दिवशी बांधल्यामुळे. आठवड्याभरानंतर हाडं ऐकत नाहीत.

तिसऱ्याची बोटं आत वळलेली, मूठ आवळल्यासारखी. ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक कारण असतं, म्हणून पाण्यात ब-गटाचं औषध दिलं आणि पुठ्ठ्याचा चिमुकला तुकडा कापून, त्यावर बोटं पसरून, पट्टीने बूट केला. तीन दिवसांत एक पाय सरळ झाला. दुसऱ्या पायाचं एक बोट आजही वाकडं आहे, पण ते पळतं मात्र सगळ्यांच्या पुढे.

खाण्याचं फार सांगण्यासारखं नाही. २४ टक्क्यांच्या वर प्रथिनांचं स्टार्टर खाद्य मिक्सरमधून रव्याएवढं बारीक केलं, कारण कोंबडीच्या पिल्लांचे दाणे यांच्या चोचीत मावत नाहीत. चौथ्या दिवशी दोन धडधाकट पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा वाळून भोक बंद झालं. कोमट पाण्याने भिजवून, सैल करून पुसली. ओढली तर कातडी सोलते. आणि हो, बेंबीची खपली पोटाच्या खाली असते, भोक शेपटीखाली. घाईत मी खपलीच ओढणार होते.

१५ वाचली. कवचातून सोडवलेलंही त्यांत आहे. कोणतं ते तिसऱ्या आठवड्यानंतर सांगता येईना, कारण तोवर माझं सगळं लक्ष छातीच्या पिसांकडे लागलं होतं: तांबूस छातीचे नर, ठिपक्यांच्या माद्या.

मशीनमध्ये पुन्हा २० अंडी आहेत. झाकण चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलंय आणि कात्री भावाकडे दिलीय. आज सोळावा दिवस.