डोळ्यातला घड

नाशिकमध्ये द्राक्षाच्या काड्या तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जवळ आली की दिंडोरी-निफाडकडचे बागाईतदार काड्यांच्या जुड्या घेऊन येतात आणि आम्ही काडीवरच्या एकेका डोळ्याचा, म्हणजे न फुटलेल्या कोंबाचा, पातळ छेद घेऊन आत घड आहे की नुसतीच बाळी (फळ न धरणारा वेलीचा तंतू), हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. सप्टेंबरअखेरच्या एका दुपारी आमच्याच चर्चच्या मंडळीतले एक काका आणि काकू दोन जुड्या घेऊन आले.

पहिल्या जुडीतल्या बारा काड्यांत मोजून तीन घड सापडले, दुसरीत मात्र जवळजवळ प्रत्येक काडीत घड होता. जात एक, माती एक, पाणी एक. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी म्हणून मी छेद पुन्हा घेतले, तरी निकाल तोच. काकांनी मान खाली घातली. "एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर दोन आठवडे पहाटे उठून जादा फुटवे काढले. मग म्हटलं, फळ काय आता यायचंय? विहिरीकडच्या चार ओळी तेवढ्या हिनं सोडल्या नाहीत."

खरड छाटणीत जुन्या काड्या कापून वेल नव्याने फुटू देतात; तिच्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान, ऐन उन्हाळ्यात, डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. त्या काळात दाट पालवीने डोळ्यांवर सावली धरली तर घडाच्या जागी बाळी होते. बाहेरून दोन्ही वेली सारख्याच हिरव्या दिसतात, हीच खरी अडचण. बायबलमधल्या योहानाच्या पंधराव्या अध्यायावरची, म्हणजे येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो त्या भागावरची, प्रवचने मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांत कात्रीचे वर्णन भरपूर असते, मे महिन्यातल्या विरळणीचे कोणी सांगत नाही.

काकांना काही बोलण्याचा अधिकार मला नव्हता, कारण माझी प्रार्थनेची वही दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात, त्याच्या पहिल्या दिवशी म्हणजे राखेच्या बुधवारी, सुरू होते आणि तिसऱ्या आठवड्यात कोरी पडते. मंडळीत मात्र मी वर्षभर हिरवागार दिसतो. बायबलमधल्याच गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी इंद्रियदमनावर संपते, म्हणजे शिस्तसुद्धा फळच आहे, हे मला पाठ होते. ते फळ कोणत्या दिवसांत धरते, ते त्या दुपारी छेदांकडे पाहताना कळले. मी हे काकांना सांगून टाकले. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "मलाही रोज उत्साह नव्हता रे. पण ओळी चारच होत्या."

उरलेल्या बागेत घड थोडे पुढच्या डोळ्यांत होते, म्हणून तिथे काडी लांब ठेवून छाटायला सांगितले.

पुढच्या मे महिन्यात एके दिवशी पहाटे साडेपाचला काकांचा फोन आला. "मी बागेत उभा आहे. तुझी वही उघडलीस का?"

मी अंथरुणातच होतो, आणि तसे सांगितलेही.