तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही पॉवर रेंजर्स का?

ठाण्याला नौपाड्यात माझी एडिटिंगची खोली आहे. खोलीच म्हणायची, स्टुडिओ म्हणायला निदान गिऱ्हाइकाला पाय लांब करून बसता तरी आलं पाहिजे. लग्नाचे व्हिडिओ, मुंजी, डोहाळजेवणं, मधूनच एखाद्या क्लासवाल्याची जाहिरात, असं काम असतं. एका मॉनिटरवर रेंडर चालू असतो, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांचा कॉम्प्युटर पक्का व्हिडिओ बनवत असतो, आणि दुसऱ्यावर पॉवर रेंजर्स, मुलांची ती अमेरिकन मारामारीची सिरीयल, आणि जो येतो तो खुर्चीत बसता बसता विचारतो, मुलासाठी लावलंय का मॅडम? मुलगा नाहीये. मग दोन सेकंद शांतता, मग "अच्छा म्हणजे तुम्हीच बघता?" सोसायटीतल्या काकूंनी विचारून झालं, मावसभावांनी विचारून झालं, नवऱ्याने लग्नाआधी विचारलं होतं, आता तो आपला चहा घेऊन बाहेर जातो. दरवेळी तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी त्यात गोष्ट बघत नाही. गोष्टीत काही नाहीचे. पाच पोरं, पाच रंग, राक्षस आला की ही मंडळी ओरडून रूप बदलतात, अंगात चकचकीत सूट, तोंडावर हेल्मेट, तुफान हाणामारी, राक्षस हरतो असं वाटतं तोवर तो बिल्डिंगएवढा होतो, मग यांचे रोबोट येऊन एकमेकांना जोडून एक मोठा रोबोट बनतो, तलवार, स्फोट, खेळ खलास. पुढच्या भागात परत पहिल्यापासून. मी बघते ते जोड. म्हणजे चेहरा दिसणारा माणूस संपून हेल्मेटवाला माणूस सुरू होतो तो नेमका कट, कारण बऱ्याच वेळा त्या एका कटमध्ये माणूस बदलतो, देश बदलतो आणि वर्षसुद्धा बदलतं.

हे कसं ते सांगते. जपानमध्ये तोएई नावाची कंपनी आहे, तिने १९७५ मध्ये गोरेंजर नावाची पाच रंगांच्या हिरोंची सिरीयल काढली, शोतारो इशिनोमोरी या मंगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढणाऱ्या माणसाच्या डोक्यातून आलेली. ती चालली आणि मग त्यातून सुपर सेंताई नावाची रांगच लागली, जवळजवळ दरवर्षी नवी टीम, नवे सूट, नवी थीम. हाइम सबान म्हणून एक निर्माता, त्याने ऐंशीच्या दशकात जपानमध्ये हे टीव्हीवर बघितलं आणि त्याला वाटलं की महागडं काम तर या लोकांनी आधीच करून ठेवलंय, स्फोट झालेत, रोबोट झालेत, राक्षसांचे पोशाख झालेत, आपण फक्त बिनहेल्मेटची अमेरिकन पोरं शूट करायची आणि मध्ये मध्ये घुसवायची. बरीच वर्षं कोणी दारात उभं केलं नाही त्याला. शेवटी २८ ऑगस्ट १९९३ ला फॉक्स किड्सवर मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स सुरू झालं, १९९२ च्या झ्युरेंजर या सेंताई सिरीयलच्या फुटेजवर, म्हणजे आधीच शूट झालेल्या दृश्यांवर, आणि त्या वर्षीच्या ख्रिसमसला अमेरिकेत दुकानातून त्याची खेळणी गायब झाली होती इतकं चाललं.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडे वर्तकनगरला टून डिस्नी चॅनेलवर जेटिक्स नावाचे मुलांचे कार्यक्रम लागायचे आणि त्यात पॉवर रेंजर्सचा एसपीडी हा सीझन, हिंदीतून. तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. दप्तर टाकायचं, भाग बघायचा आणि खाली पळायचं, कारण उशीर झाला की रंग वाटून संपायचे. रेड कायम त्याचा ज्याची बॅट असेल, हा अलिखित नियम. मुलींना पिंक नाहीतर यलो, तिसरी मुलगी आली तर तिला सरळ "तू ओलीस" म्हणून टाकीजवळ उभं करायचे. मी यलो घ्यायचे कारण एसपीडीतली यलो आधी रस्त्यावर चोऱ्या करणारी होती आणि मला ते भारी वाटायचं. एसपीडीची गोष्ट २०२५ सालात घडते, पृथ्वीवर माणसं आणि एलियन एकत्र राहतात वगैरे. २०२५ येऊन गेलं, घोडबंदर रोडवर एलियन सोडा, रिकामी लेनसुद्धा दिसली नाही.

तर कॉलेजात असताना कधीतरी रात्री नेटवर भटकताना मला डेकारेंजरची क्लिप सापडली. २००४ ची जपानी सेंताई. एसपीडीतलाच तो निळा कुत्र्याच्या तोंडाचा बॉस, तेच सूट, त्याच गाड्या, फक्त सगळे जपानी बोलतायत आणि हेल्मेट काढल्यावर आतून भलतीच माणसं निघतायत. माझ्याबरोबर रूमवर असलेली मैत्रीण म्हणाली अरे म्हणजे लहानपणी फसवलं की आपल्याला. मला उलट इतका आनंद झाला की मी पहाटेपर्यंत दोन्हीकडचे भाग शेजारी शेजारी लावून बसले. आणि लक्षात आलं की आम्ही वर्तकनगरात जे बघत होतो त्यात अंग जपानी स्टंटमनचं, तोंड न्यूझीलंडला शूट झालेल्या ॲक्टरचं आणि वर आवाज आपल्या हिंदी डबिंगवाल्याचा. तीन माणसं मिळून एक रेंजर. आणि तरीही आम्हाला एकदाही शंका आली नाही, हे त्या एडिटरचं कौतुक आहे की नाही सांगा!

आता यलोचीच गंमत बघा. १९९३ च्या त्या पहिल्या सीझनमध्ये पिंकच्या सूटला स्कर्ट आहे, यलोच्या सूटला नाही. दोघीही मुली. कारण झ्युरेंजरमध्ये यलो हा मुलगा होता, बोई नाव त्याचं. अमेरिकेत यलोची मुलगी केली, ट्रिनी, थुई ट्रांग नावाच्या ॲक्ट्रेसने केली, पण मारामारीचं फुटेज मुलाचंच राहिलं. त्यामुळे ट्रिनी बोलताना बारीक चणीची आणि लढायला लागली की खांदे रुंद. एकदा हे दिसलं की परत न दिसणं अशक्य आहे. (काळा सूट कृष्णवर्णीय ॲक्टरला आणि पिवळा आशियाई ॲक्ट्रेसला, हेही तेव्हाचंच, आणि ते आज बघताना खटकतं ते खटकतंच.)

रीटा नावाची चेटकीण होती, ती तर अख्खीच जपानी. माचिको सोगा या ॲक्ट्रेसचं फुटेज, तिच्या तोंडावर इंग्रजी आवाज चढवलेला. ओठ कुठे चाललेत आणि शब्द कुठे, पण ती इतकी ओरडते की कोण ओठ बघतंय. पुढे तिचं फुटेज संपलं तेव्हा अमेरिकेत दुसरी ॲक्ट्रेस उभी केली आणि आवाज तोच ठेवला.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते ग्रीन रेंजरचं प्रकरण. जपानी गोष्टीत ग्रीन हा रेडचा मोठा भाऊ, त्याच्याकडे आयुष्याचे मोजके तास उरलेले असतात म्हणून तो क्वचितच बाहेर येतो आणि शेवटी मरतो. म्हणजे फुटेज मुळातच कमी. अमेरिकेत टॉमी म्हणून जेसन डेव्हिड फ्रँकने ग्रीन केला आणि पोरं त्याच्यासाठी वेडी झाली, आता करायचं काय? तिकडे तो मेलेला, इकडे तो सगळ्यात लोकप्रिय. मग यांनी गोष्ट लिहिली की टॉमीची पॉवर हळूहळू संपत चाललीय. लोकांना वाटलं काय ट्रॅजेडी आहे! ट्रॅजेडी बिजेडी काही नाही, क्लिपा संपल्या होत्या. पुढच्या सीझनला १९९३ च्या डायरेंजर या सेंताईतला पांढरा सूट उचलला आणि टॉमीला व्हाइट रेंजर करून परत आणला. जपानमध्ये त्या पांढऱ्या सूटच्या आत गोष्टीप्रमाणे एक लहान मुलगा होता, बरं का.

हे सगळं मला का इतकं लागतं ते लग्नाचं काम करणाऱ्यालाच कळेल. आमच्या हातात गोष्ट नसतेच, हातात फुटेज असतं, आणि त्यातून गोष्ट उलटी काढायची असते. मागे एका लग्नाचं काम आलं, कळव्याकडचं, आणि कॅमेरावाल्याचं कार्ड नेमकं अंतरपाट खाली आल्यापासून पुढे करप्ट. म्हणजे हार घातला तो क्षणच नाही. होतं काय, तर एका चुलतभावाने मागून मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ, त्यात निम्मी फ्रेम लोकांच्या डोक्यांनी आणि हवेत धरलेल्या मोबाईलनी भरलेली. मी काय केलं, सकाळी मेकअपच्या खोलीत मुलीच्या हातात हार धरून घेतलेला एक क्लोजअप होता, हिरवा चुडा छान दिसत होता, तो आधी लावला. मग मागून घेतलेला मोबाईलचा शॉट, नुसता दीड सेकंद, अक्षता उडताना. मग मुलीचा हसरा चेहरा, तो नंतरच्या लाजाहोमातला, मुंडावळ्या होत्याच. पण तोवर तिने साडी बदलली होती, अष्टपुत्री जाऊन शालू आला होता, त्यामुळे फ्रेम हनुवटीच्या वर कापावी लागली, बोटभर खाली गेले असते तरी जांभळा काठ दिसला असता. आवाज सगळा भटजींच्या माइकचा, शुभमंगल सावधान आणि पाठोपाठ ताशा, आवाज सलग असला की माणूस चित्रातले सांधे माफ करतो. घरच्यांनी इथेच बसून बघितलं, मुलीचा मामा डोळे पुसत होता. मुलीची आई तेवढी म्हणाली, अगं पण हिची नथ मध्येच दुसरी कशी झाली? त्या बाईंना मी सलाम ठोकला.

तर सांगायचं म्हणजे पॉवर रेंजर्सच्या एडिटरांना हे दर भागाला करायचं होतं, त्या पहिल्या सीझनचे ६० भाग आहेत. झ्युरेंजरचे होते ५०. हिशोब तुम्हीच करा. शेवटी कमी पडलं म्हणून सबानने तोएईकडूनच नवीन राक्षस आणि नवीन मारामाऱ्या खास शूट करून घेतल्या. आणि दुसऱ्या सीझनमध्ये तीन मुख्य ॲक्टर पैशांवरून बाहेर पडले, तेव्हा तर कमाल केली, जुनं फुटेज, पाठमोरी उभी केलेली बदली माणसं, वर दुसऱ्याच कोणाचे आवाज, असे काही भाग काढले आणि मग हळूच नवी पोरं आणली. हेल्मेट असल्याचा हा फायदा. ॲक्टरच्या दृष्टीने बघितलं तर तोटा, कारण तुम्ही गेलात तरी तुमचं अंग कामावर हजर. मला त्या पोरांबद्दल वाईट वाटतं, खेळणी विकून लोक गब्बर झाले आणि यांना पगार किरकोळ. २०१८ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने हे सगळं सबानकडून जवळपास ५२ कोटी डॉलरला घेतलं, तेव्हा मी पहिला विचार त्यांचाच केला.

"पण मारामारी किती असते त्यात" असं म्हणणाऱ्या काकूंसाठी, तुम्ही एकट्या नाही आहात, १९९४ मध्ये न्यूझीलंडमध्ये याच तक्रारींवरून ही सिरीयल टीव्हीवरून काढली होती. आणि २००३ पासून सगळं शूटिंग कुठे व्हायला लागलं, तर न्यूझीलंडमध्येच. माझं मत विचाराल तर ठिणग्या उडतात फक्त, रक्ताचा थेंब नसतो, आपल्या संध्याकाळच्या सासू-सुनांच्या सिरीयलमध्ये याहून जास्त हिंसा आहे.

अजून एक, जे मारामारी करणारे लोक आहेत ना सूटमधले, त्यांच्याकडे जरा लक्ष देऊन बघा. चेहरा झाकलेला, त्यामुळे कोण बोलतंय हे कळायला ते बोलताना मान आणि हात हलवतात, राग आला तर मूठ, काळजी असली तर खांदे पडलेले. आणि पोझ देऊन मागे स्फोट होतो तो खरा स्फोट असायचा, खऱ्या दगडाच्या खदानीत, आपल्या तुर्भ्याकडे होत्या तशा. जपानमध्ये तोचिगीत इवाफुने म्हणून एक डोंगर आहे तिथे असे कित्येक स्फोट झालेत. तेच दगड मी वेगवेगळ्या टीमच्या मागे ओळखते आता. नवरा म्हणतो हे कुठे सांगू नकोस.

शेवटची आली कॉस्मिक फ्युरी, २०२३, नेटफ्लिक्सवर. त्यात अख्ख्या मुख्य टीमचे सूट पहिल्यांदाच अमेरिकनांनी स्वतःचे बनवले, जपानकडून फक्त रोबोटांचं फुटेज घेतलं. बरी आहे, ॲक्टिंग पूर्वीपेक्षा चांगलीच आहे म्हणायला हवं. पण हेल्मेट चढलं तरी माणसांची गोष्ट तिथलीच राहते, मला शोधायला काही उरलं नाही, म्हणून एकदा बघितली आणि रेंडरला परत १९९३ ची लावली.

परवा खालच्या मजल्यावरची ताई विचारत होती, माझ्या पोराला कुठून सुरू करून देऊ. पोराला एसपीडी दे, कुत्रा बॉस बघून खूश होईल. तू स्वतः बघणार असशील तर पहिला सीझन, आणि मारामारी सुरू झाली की पॉज करून यलोचे खांदे बघ.