बँकेच्या कागदाखालचा कागद

लिलावातली घरं घ्यायची, दुरुस्त करून विकायची, हा माझा धंदा. मे महिन्यात मानेवाड्याकडच्या एका लेआउटमधलं घर ४१ लाखांत माझ्या नावावर सुटलं. सरफेसीच्या, म्हणजे बँक थकलेल्या कर्जापोटी घर विकते त्या कायद्याच्या लिलावात २५ टक्के लगेच भरावे लागतात आणि बाकीचे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत चुकली, तर आधी भरलेले जप्त. माझे सव्वादहा लाख गेलेले होते, चार दिवस उरले होते.

मिस्त्रीला बाहेरून घर दाखवायला गेलो. दारावर बँकेची ताबा नोटीस. नागपूरच्या उन्हानं खळ सुकून तिचा एक कोपरा गुंडाळला गेला होता. खाली दुसरा कागद दिसला. बोटानं थोडं उचललं, तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, अनधिकृत बांधकाम काढायला सांगणारी नोटीस. बाजूच्या मोकळ्या जागेतला जिना आणि वरची खोली अनधिकृत. तारीख बँकेच्या नोटिशीच्या पाच महिने आधीची. बँकेच्या माणसानं थेट तिच्यावरच कागद डकवला होता!

शेजारच्या काकू फाटकातून म्हणाल्या, "भाऊ, तुमाले मालूम नव्हतं काय? मापं घेऊन गेले ना नोटीसवाले."

नव्हतं. प्लॉटला आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र आहे एवढं पाहून मी खूष झालो होतो. आरएलनं प्लॉट नियमित होतो, त्यावर काय बांधलं त्याचा नकाशा वेगळा मंजूर लागतो, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असतो. बँकेला फोन केला, तर जाहिरातीतलंच वाक्य ऐकवलं, "जसे आहे जेथे आहे तत्त्वावर." कायद्यानं बरोबरच असेल, पण राग यायचा तो आलाच.

आर्किटेक्टनं टेप लावला. खोली चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर चालणाऱ्या बांधकामाच्या मर्यादेत बसते, प्रीमियमचे जादा पैसे भरून नियमित होऊ शकते, म्हणाला. जिना मात्र बसत नाही. रात्रभर हिशेब केला आणि तिसऱ्या दिवशी उरलेले पावणेएकतीस लाख भरले.

ताबा मिळताच जिना स्वतःच पाडला. विटा काकूंनी तुळशीच्या ओट्याला नेल्या. खोलीचा अर्ज दिलाय, आतून जिना काढायचा नकाशाही त्यासोबतच आहे. तोवर वरच्या खोलीचं दार हवेत उघडतं. परवा घर बघायला आलेल्या बाई बराच वेळ खालून त्या दाराकडे बघत उभ्या होत्या. मग विचारलं, "वर जायचं कुठून?"