फ्रिज, दूध आणि एप्रिलचा नाशिक

एप्रिलमध्ये आमच्या पंचवटीत पारा चाळिशीला टेकतो आणि फ्रिजची मोटर थांबायचं नावच घेत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही.

दोन लिटर दूध तापवून ८० अंशांवर असतानाच आत ठेवलं, तर फ्रिजला ते ५ अंशांवर आणायला ७५ अंशांची उष्णता बाहेर फेकावी लागते. तेच पातेलं परातीत पाणी घालून त्यात ठेवलं आणि ३० अंशांपर्यंत निवू दिलं, तर उरतात २५. म्हणजे काम एक तृतीयांश! म्हणून सूनबाईला मी पुन्हा पुन्हा सांगते, दूध आधी निवू दे गं.

दार उघडण्याचंही तसंच, पण तिथे खरा त्रास हवेतल्या बाष्पाचा. पावसाळ्यात तर जास्तच. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा. बाष्प आत शिरलं की फ्रीजरमध्ये बर्फ साचतो आणि थंडावा अडतो. अर्धा सेंटिमीटर थर झाला की मी डिफ्रॉस्ट करतेच. झाकण न ठेवलेली आमटीही बाष्प सोडते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर रबर बदलायला झालंय. फ्रिजमागे हवा खेळायला जागा हवी. आणि प्यायच्या पाण्याला आमच्याकडे माठच. त्यामुळे नातवंडं दिवसभर दार उघडत नाहीत.