दादर, कारण सगळ्यांच्या गाड्या तिथे थांबतात

मस्कतहून चार वर्षांनी घरी आलो, तेव्हा मित्रांना भेटायचे कुठे, हा प्रश्न पडेल असे वाटले नव्हते. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या मुलांना 'भेटणे' हे क्रियापद कधी लागलेच नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसे राहत असली की मुलाने उंबरा ओलांडून बाहेर जाणे ही घरादाराची सोय असते, आणि बाहेर पॅसेजमध्ये बाकीचे आधीच हजर असत. आता एक बदलापूरला राहतो, दुसरा विरारला, आणि तिसरा तेवढा अजून वरळीत आहे. ठिकाण ठरवण्यात ग्रुपवर आठ दिवस गेले. शेवटी दादर ठरले, तेही जिव्हाळ्याने नव्हे, तर मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरच्या जलद गाड्या तिथे थांबतात आणि रात्री परतताना कोणाला गाडी बदलावी लागत नाही म्हणून.

शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन बसलो. पहिला अर्धा तास गुडघे, मुलांच्या नोकऱ्या आणि साखरेचे आकडे यांत गेला. मग मैदानातून एक चेंडू पायाशी आला आणि गाडी रुळावर आली.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या, तेव्हा प्रत्येक मजल्यावर समोरासमोर वीस खोल्या आणि मधोमध अंधारा पॅसेज अशी रचना ठेवली. पावसाळ्यात तीच आमची खेळपट्टी. चेंडू बंद दाराला लागला तर दोन धावा, उघड्या दारातून आत गेला तर फलंदाज बाद. एका दाराला मात्र नुसता स्पर्श झाला तरी बाद, कारण आत रात्रपाळी करून आलेले गिरणीतले काका झोपलेले असत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यांची रात्रपाळी संपली ती कायमचीच, तरी तो नियम आम्ही बदलला नाही. का बदलला नाही, हे मला आजवर सांगता आले नव्हते. मुलांच्या आळसाखेरीज त्यात काही असेल असे वाटलेही नव्हते.

"बाबा झोपायचे कुठे रे," वरळीवाला म्हणाला. ते काका म्हणजे त्याचे वडील. "संपात ते नुसते पडून असायचे. पण दार बंद, म्हणून तुम्हाला वाटायचं झोपलेत. डाव संपला की मला अचूक धावा सांगायचे. तू कधी लबाडी केलीस तेसुद्धा."

मी लबाडी करत असे, हे बदलापूर आणि विरार या दोघांनाही ठाऊक होते. मला नव्हते. परदेशात मी इतकी वर्षे ज्या चाळीच्या गोष्टी सांगत आलो, तिच्यात मी मोठा सरळमार्गी फलंदाज होतो. सगळ्यांना गाड्या गाठायच्या होत्या, नाहीतर हा खटला तिथेच निकाली निघाला असता.

"आईला भेटून जा," निघताना वरळीवाला म्हणाला.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांतले एक घर त्यांचे. ५०० चौरस फूट, आणि मुख्य म्हणजे संडास घरात. सार्वजनिक संडासापुढच्या रांगेत ज्यांनी सकाळी उभे राहून पाहिले आहे, त्यांनी चाळीसाठी गळा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीखाली रखवालदाराने विचारले, "कोणाकडे?" सवयीने तोंडातून जुना चाळ क्रमांक आणि खोली क्रमांक निघाला. तो तरुण मुलगा माझ्याकडे पाहत राहिला आणि त्याने वही पुढे सरकवली. नाव, गाव, वेळ लिहिली. भेटीच्या कारणाचा रकाना होता, त्यात थोडा विचार करून 'जुनी धावसंख्या' असे लिहिले. त्याने ते वाचले आणि लिफ्टकडे बोट दाखवले.